समासात, पेन्सिलीने

फादर पास्कोल गेले तेव्हा त्यांची छत्री घंटावाल्याला मिळाली,
पेटी शाळेला,
आणि लॅटिनचा कोश मला,
कारण अख्ख्या उभादांड्यात तो मागणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी खारभूमी खात्याचा माणूस. टेप, खुंट्या, पंचनाम्याचे फॉर्म.
लहानपणी तीन वर्षं त्यांच्या ओट्यावर धातू घोकले,
आमो, आमास, आमात,
आत चुलीवर पेज उतू जाईपर्यंत.
त्यातलं उरलं एवढंच, की क्रियापदाला कर्ता लागतो
आणि लॅटिनमध्ये तो शेपटीत दडून बसतो.

कोशाचा कणा वाळवीने खाल्लाय.
टेबलावर ठेवला की एकाच पानावर उघडतो.
तिथे एका शब्दाखाली रेघ:
रेस्तान्यारे.
मधला ग लिहायचा, म्हणायचा नाही; फादर तो नाकातून जाऊ देत.
विरळा शब्द. जुन्या ग्रंथांत बोटांवर मोजावा इतकाच.
अर्थ एक: पाण्याने काठ सोडून पसरणं, आणि तिथेच राहणं.
अर्थ दोन: जमिनीने तशा पाण्याखाली असणं.
म्हणजे खाडीलाही हेच चालतं, शेतालाही.
बुडवणारा आणि बुडालेला
एकाच शेपटीत.

समासात त्यांचं तिरकं अक्षर:
'मराठीत — ?'
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं,
दुसऱ्यांदा वेगळ्या पेन्सिलीने.

मीही बघितलं करून.
तुंबणे: त्याला गटार लागतं.
साचणे: ते डबक्याचं, नाहीतर पैशाचं.
उधाण येतं तसं जातं,
पूर निदान ओसरतो.

भाद्रपदातल्या अमावास्येला मोचेमाडचा बांध फुटला,
उघाडीच्या डाव्या अंगाला, चौदा मीटर.
तिसऱ्या दिवशी मी पोचलो तर ओहोटी होती,
खाडी आपल्या जागी गेली होती
आणि खाजणात पाणी होतं.
लाट नाही, ओढ नाही.
मुणग्याचे शेंडे तेवढे वर, त्यांवर मिठाची साय.
एक बोय मेरेशी येऊन वळली,
रोजची वाट असल्यासारखी.

सत्यवती आरावंदेकर बांधावर उभी होती, पदर खोचून.
मी रकाने वाचत गेलो.
क्षेत्र. पीक. पाणी शिरल्याची तारीख.
पाणी ओसरल्याची तारीख.
'खंय ओसारला?'
मग पाण्याकडे न बघताच,
'पाणी बसला, रे झिला.'

लग्नाला आलेला दूरचा मामा बसतो तसं.
पोचवायला कोणी उठत नाही,
आणि तो तर नाहीच.

फादर दर बुधवारी हिच्याकडून लाल माठ घेत.
विचारलं असतं तर
जुडीवर शब्द फुकट मिळाला असता.

घरी येऊन प्रश्नचिन्हाशेजारी लिहिलं: बसणे.
पेन्सिलीनेच. त्यांना खोडावंसं वाटलं तर.

दुसऱ्या अर्थासाठी डिसेंबरात पुन्हा गेलो.
बांधाचं टेंडर निघायचं होतं,
तेव्हा कामासाठीच गेलो असंही म्हणता येईल.
पाणी आता शेवाळी झालेलं,
एक बगळा त्यात घुडघाभर,
चिपीची रोपं कुठून तरी येऊन रुजलेली.
विचारलं, 'पाणी बसलं. आणि शेत?
शेताचं काय म्हणता अशा वेळी?'
तिने बराच वेळ लावला.
'शेताचा काय म्हणतलंय?
गप आसा.'

फॉर्मवर कर्त्यासाठी रकाना नाही.
कोशात दोन आकड्यापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही.
त्या पानात मुणग्याची एक लोंबी घालून ठेवलीय, पोचट,
तिच्यातलं मीठ हवेतली ओल धरतं.
समोरच्या पानावर एक डाग आलाय,
आता जवळजवळ हाताएवढा.
उन्हात ठेवून बघितलं.
जात नाही.